घण बाजूला ठेवा : जुन्या जीपचा मागचा एक्सल शाफ्ट

प्रश्न : आजोबांनी लिलावात घेतलेली आमची महिंद्रा सीजे-३बी जीप अनेक वर्षे गोठ्याशेजारच्या छपराखाली उभी होती. ती मूळ रूपात आणण्याचे काम मी दिवाळीनंतर हाती घेतले. मागच्या डाव्या चाकाचे बेअरिंग वाजते आणि ब्रेकच्या ड्रमवर तेल उतरते, म्हणून शाफ्ट बाहेर काढायचा आहे. मात्र हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, जागचे हलत नाही. आमच्या मेस्त्रींनी नट काढून शाफ्टच्या टोकावर घणाचे सात-आठ घाव घातले, तेव्हा टोक पसरले आणि आटे दबले. आता ते गॅसने हब लाल करू म्हणतात. माझ्या मित्राकडे सैन्यातली जुनी विलीज आहे; तिचा मागचा शाफ्ट त्याने माझ्यासमोर दहा मिनिटांत हाताने ओढून काढला. मग माझ्याच गाडीला एवढे कष्ट का? – एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण बाकी सगळ्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. मित्राची गाडी आणि आपली गाडी दिसायला सख्ख्या बहिणी असल्या, तरी त्यांच्या मागच्या एक्सलची रचना वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीचा मागचा एक्सल फुल-फ्लोटिंग जातीचा असतो. त्यात चाकाचा भार एक्सलच्या नळीवर बसवलेली दोन बेअरिंगे पेलतात आणि शाफ्टकडे फक्त चाक फिरवण्याचे काम उरते. त्यामुळे हबच्या तोंडावरचे सहा बोल्ट सोडले की शाफ्ट त्याच्या फ्लँजसकट सरळ बाहेर येतो आणि गाडी आपल्या चाकांवर तशीच उभी राहते. आपल्या सीजे-३बीचा एक्सल सेमी-फ्लोटिंग जातीचा आहे. विलीजने हे मॉडेल १९५३ मध्ये आणले, अमेरिकेत त्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले आणि आपल्याकडे महिंद्राने ते त्यानंतरही चालू ठेवले. या एक्सलमध्ये शाफ्टचे बाहेरचे टोक निमुळते असते, त्यावर हब तसेच निमुळते भोक घेऊन बसते, मध्ये एक चावी, म्हणजे दोहोंच्या खाचांत बसणारा पोलादी तुकडा, असते आणि बाहेरून खाचांचा मोठा नट व स्प्लिट पिन असते. येथे चाक शाफ्टवरच टांगलेले असते, म्हणजे भारही त्याच्यावर आणि फिरवण्याचा जोरही त्याच्यावरच. नट दोनशे न्यूटन-मीटरच्या जोराने आवळल्यावर निमुळत्या जागेत हब असे रुतून बसते की वर्षानुवर्षांच्या गंजाची मदत नसली तरी ते हाताने निघणार नाही. ते तसे रुतणे हाच त्या रचनेचा हेतू आहे.

आता घणाविषयी. आपल्या एक्सलमध्ये डावा आणि उजवा शाफ्ट डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांच्या गोळ्याच्या, मध्यभागी एकमेकांसमोर येतात आणि त्यांच्या टोकांमध्ये एक ठोकळा असतो, ज्याला थ्रस्ट ब्लॉक म्हणतात. शाफ्ट बाहेर सरकू नये याची काळजी त्याच्या स्वतःच्या बाजूचे टॅपर बेअरिंग घेते. पण तो आत सरकू नये याची काळजी त्या बेअरिंगकडे नसते. आत जाणारा शाफ्ट ठोकळ्याला टेकतो, ठोकळा समोरच्या शाफ्टला टेकतो आणि समोरचा शाफ्ट आपल्या बाजूच्या बेअरिंगवर जोर देतो. म्हणजे डाव्या टोकावर घातलेला प्रत्येक घाव ठोकळ्यातून उजव्या शाफ्टमध्ये आणि तेथून उजव्या बेअरिंगच्या रोलरांवर जातो, तर हबला त्यातला फारच थोडा मिळतो. टॅपर बेअरिंगच्या वाटीवर, म्हणजे बाहेरच्या कड्यावर, असे घाव पडले की तिच्यावर रोलरांच्या आकाराचे बारीक ठसे उमटतात आणि पुढे तेच बेअरिंग वाजू लागते. एक बेअरिंग बदलायला निघालेल्या माणसाला सहा महिन्यांनी दुसरे बदलावे लागते ते यामुळेच, आणि दोष मात्र नव्या बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो. आपल्याकडे सात-आठ घाव आधीच पडले आहेत, तेव्हा उजवे बेअरिंगही काढून पाहा. माझ्या मते ते बदलण्याचाच हिशोब धरावा.

हब ओढून काढण्याचे अवजार, म्हणजे पुलर, वेगळ्या रीतीने काम करतो. तो एका बाजूने हब ओढतो आणि दुसऱ्या बाजूने शाफ्टचे टोक दाबतो. जेवढा ताण तेवढाच दाब, आणि दोन्ही हब व शाफ्ट यांच्या आपापसातच राहतात. डिफरन्शियलपर्यंत काही पोहोचत नाही. दीड टनाचा ताण दिला तरी ठोकळ्याला त्याची गंधवार्ता नसते. म्हणून या कामाला पुलरच हवा, आणि तोही ड्रमच्या कडेला पंजे अडकवणारा नव्हे. तशा पुलरने ड्रमची कड वाकते आणि मग ब्रेक दाबला की पेडल थरथरते. हबच्या स्टडवर चाकाच्याच नटांनी आवळून बसवता येईल असा जाड तीन पायांचा पुलर घ्या. असा पुलर विकत न मिळाल्यास कोणताही बरा लेथवाला पाऊण इंच जाडीच्या पोलादी पाटीत स्टडची भोके पाडून आणि मध्ये जाड बोल्टाचे आटे पाडून तो दिवसभरात करून देईल.

कामाला हात लावण्यापूर्वी गाडी जागी राहील याची खात्री करा. सीजे-३बीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे तेथून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर, चालतो. मागचे एक चाक उचलले किंवा एक शाफ्ट बाहेर काढला की डिफरन्शियलमुळे दुसरे चाक मोकळे फिरू शकते. मग हँडब्रेक ओढलेला असो वा गाडी गिअरमध्ये असो, ती उतारावर चालू लागते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, एक्सलच्या नळीखाली घोड्या (आधाराचे स्टँड) द्या आणि जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका. डाव्या बाजूच्या चाकाचे नट या गाड्यांवर उलट्या आट्यांचे असतात, हेही ध्यानात असू द्या. आधीच्या कोणी स्टड बदललेले नसतील तर ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. जोर लावून ते मोडणारे बरेच आहेत.

आता क्रमाने. शाफ्टचे टोक पसरलेले असल्यामुळे नट त्यावर चढणार नाही, म्हणून आधी टोकाची पसरलेली कड कानसीने गोल उतरवा आणि आटे कानसीने किंवा डायने साफ करा. मग नट उलटा करून, म्हणजे खाचांची बाजू आत ठेवून, तो टोकाशी सपाट येईपर्यंत चढवा. हब आणि नट यांच्यात दोन-तीन आट्यांची फट राहिली पाहिजे. या नटामुळे दोन गोष्टी साधतात : पुलरच्या दाबाने आटे पुन्हा फुगत नाहीत, आणि हब सुटते तेव्हा ते आपल्या पायांवर येत नाही. हब खरोखर बंदुकीच्या गोळीसारखा आवाज करून सुटते आणि त्याबरोबर ड्रमही येतो. त्याचे वजन गमतीने घेण्याजोगे नाही. ब्रेकचे अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करायला विसरू नका, कारण ड्रमच्या आतल्या कडेला झिजेची पायरी पडलेली असली तर लायनर तिला अडकतात आणि सुटलेले हबही सुटले नाही असे वाटते.

पुलर बसवा, मधल्या बोल्टाला ग्रीस लावा आणि लांब पान्याने ताण द्या. ताण अगदी कडक झाला की थांबा. हबच्या तोंडाशी, चावीच्या खाचेत, गंज सोडवणारे तेल सोडा आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी अर्धा फेरा आणखी आवळा. नाइलाजाने हातोडी वापरावी लागलीच तर पान्याच्या दांड्यावर, म्हणजे बोल्ट फिरण्याच्या दिशेने ठोका द्या. बोल्टाच्या डोक्यावर सरळ ठोकाल तर घणाची जुनी वाट पुन्हा उघडाल. मी स्वतः दुरुस्त केलेल्या एका जीपचे हब तीन दिवस हटून बसले होते आणि चौथ्या दिवशी, मी चहा घेत असताना, कोणी हात न लावता सुटले.

गॅसचा प्रस्ताव नाकारा. लालभडक हबाचे पोलाद आपला कस घालवते, शाफ्टही तापतो, आतल्या बेअरिंगचे ग्रीस जळते आणि ब्रेक ऑइलने भिजलेल्या भागाजवळ ज्योत धरणे हा निव्वळ वेडेपणा आहे. पुलर ताणलेला असताना साध्या ब्लो-लॅम्पने फक्त हबचा जाड गळा चहूबाजूंनी सारखा, पाण्याचा थेंब चुरचुरेल इतपत गरम करणे मला मान्य आहे. तेही ब्रेक ऑइलची नळी आधी सोडवून, जागा पुसून आणि ऑइल सील नंतर बदलायचेच आहे हे गृहीत धरून. नट सैल ठेवून गाडी मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकारात चालवली की हब सुटते, असाही एक जुना उपाय आहे. तो कधी कधी लागू पडतो, परंतु अनेक वर्षे बंद असलेल्या आणि ब्रेकची शाश्वती नसलेल्या गाडीवर मी तो सुचवणार नाही.

हब निघाल्यावर ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकून द्या.

प्रश्न : हब काढले. आता शाफ्ट बाहेर ओढताना कोणती काळजी घ्यावी? बेअरिंग बदलल्यानंतर आमच्याकडच्या एका जीपचे मागचे चाक पाच किलोमीटरमध्ये हात लावता येणार नाही इतके तापू लागले, म्हणून विचारतो. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चाक तापण्याचे कारण बहुधा शिममध्ये आहे, आणि ते शाफ्ट काढतानाच हरवले असणार. ब्रेकची बॅकिंग प्लेट एक्सलच्या नळीच्या फ्लँजवर बोल्टांनी बसते आणि त्या दोहोंमध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजेच शिम, असतात. बॅकिंग प्लेट काढताना त्या तेलाने तिला चिकटून येतात, धुण्याच्या डब्यात पडतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत. म्हणून प्लेट सोडण्यापूर्वीच खाली स्वच्छ कागद पसरा, निघालेल्या चकत्या त्या बाजूच्या म्हणून तारेत ओवून ठेवा आणि डाव्या-उजव्या एकत्र करू नका. ब्रेकची नळी सोडायची नसेल तर प्लेट स्प्रिंगच्या पाट्यांना तारेने टांगा. नळीवर लोंबकळू देऊ नका.

शाफ्ट नळीत अडकतो तो बेअरिंगच्या बाहेरच्या वाटीमुळे, कारण ती घट्ट बसवलेली असते. शाफ्टच्या आट्यांवर बसणारा सरकत्या वजनाचा पुलर मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर चावी न लावता हब आणि ड्रम शाफ्टवर सैल बसवा, नट टोकाशी चार-पाच आट्यांवर चढवा आणि दोन्ही हातांनी ड्रम बाहेरच्या बाजूला झटके देत नटावर आदळा. हा घाव बाहेरच्या दिशेचा असतो, त्यामुळे तो ठोकळ्याला लागत नाही. मात्र तो बेअरिंगच्या रोलरांतून वाटीकडे जातो, म्हणून असे काढलेले बेअरिंग पुन्हा बसवू नये. शाफ्ट सुटला की त्याला आडवा, दोन हातांवर तोलत काढा, कारण त्याच्या आतल्या टोकाच्या स्प्लाइन (शाफ्टवर कोरलेले लांबट दात) नळीतल्या ऑइल सीलवर घासल्या तर सील फाटते. सील नवे घालणार असलात तरी ते नवे घातल्यानंतर शाफ्ट आत घालताना हीच काळजी पुन्हा लागते, आणि घाईत नेमके तेव्हाच विसरले जाते.

शाफ्ट हातात आला की चावीची खाच जेथे संपते तेथे आणि स्प्लाइन जेथे सुरू होतात तेथे तडा शोधा. शाफ्ट तुटतात ते बहुतेक या दोन ठिकाणीच. डाय पेनेट्रंटचा संच असेल तर चांगलेच. नसेल तर जागा रॉकेलमध्ये तासभर भिजवा, कोरडी पुसा आणि खडूची बारीक पूड फासा. तड्यात शिरलेले रॉकेल पुडीवर काळसर रेघ उमटवते. चावीची खाच रुंदावलेली दिसली तर हब शाफ्टवर सैल असताना गाडी चालवली गेली आहे असे समजा. तसा शाफ्ट आणि तसे हब, दोन्ही बाद. वेल्डिंगने खाच भरून पुन्हा कापून देणारे कारागीर आहेत, पण जो शाफ्ट चाक तोलून धरतो त्यावर वेल्डिंग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तापणाऱ्या चाकाबद्दल. दोन्ही शाफ्ट ठोकळ्याने एकमेकांना टेकलेले असल्यामुळे त्यांचा आत-बाहेरचा खेळ दोन्ही बाजूंचा मिळून एकच मोजायचा असतो. तो एक ते सहा थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ०.०२५ ते ०.१५ मिलिमीटर, एवढा हवा. तो अजिबात नसेल तर बेअरिंग जाम होऊन चाक तापते आणि ग्रीस पातळ होऊन ब्रेकवर येते; तो जास्त असेल तर वळणावर मागून टक्क असा आवाज येतो आणि सील लवकर झिजते. चकत्या वाढवल्या की खेळ वाढतो, काढल्या की कमी होतो. आपल्या जीपमध्ये चकत्या कमी पडल्या असाव्यात, किंवा नव्या बेअरिंगची उंची जुन्यापेक्षा किंचित जास्त असावी; दोन वेगळ्या कंपन्यांच्या बेअरिंगांत इतका फरक पडू शकतो. चकत्या दोन्ही बाजूंना शक्यतो सारख्या जाडीच्या ठेवा, म्हणजे ठोकळा मध्यावर राहतो. मोजण्याआधी दोन्ही बाजूंच्या प्लेटा पूर्ण आवळा आणि शिसाच्या किंवा तांब्याच्या हातोडीने प्रत्येक शाफ्टच्या टोकावर एकदा ठोका द्या, म्हणजे वाट्या आपल्या जागी टेकतात. वरच्या उत्तरात ज्या वाटेने घणाचा घाव जाऊ नये म्हणून इतके सांगितले, तीच वाट येथे मऊ हातोडीने मुद्दाम वापरायची आहे. फरक आहे तो मात्रेचा. मग शाफ्टच्या टोकाला डायल गेज लावून शाफ्ट आत-बाहेर करून पाहा. अंगठ्याच्या अंदाजावर सोडण्याइतका हा आकडा मोठा नाही. डायल गेज नसेल तर गावातल्या लेथवाल्याकडून दोन तासांसाठी मागून आणा.

कोकणातल्या गाड्यांसाठी एक पुरवणी जोडतो. एक्सलच्या नळीवर हवा सुटण्यासाठी एक छोटा ब्रीदर असतो. तो लाल मातीने बुजला की एक्सल तापल्यावर आतला दाब तेलाला सीलबाहेर ढकलतो आणि नवे सीलही गळते. सील बदलण्यापूर्वी ब्रीदरमधून तार घालून पाहा. तसेच ज्या जुन्या गाड्यांत बेअरिंगला ग्रीस देण्यासाठी नळीच्या टोकाशी निप्पल आहे, त्यांत ग्रीस-गनचे चार-दोन दाब पुरेत. जादा ग्रीस ड्रममध्ये जाते आणि लोक त्याला डिफरन्शियलचे तेल समजतात. बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलचा उग्र वास एकदा ओळखीचा झाला की फसगत होत नाही.

प्रश्न : हब परत बसवताना निमुळत्या भागावर ग्रीस लावावे की नाही? एक मेस्त्री लाव म्हणतो, दुसरा नको म्हणतो. – एक वाचक, बेळगाव

उत्तर : दुसऱ्याचे ऐका. शाफ्ट आणि हब दोन्हीकडचा निमुळता भाग पेट्रोलने पुसून कोरडा ठेवा. ग्रीस फक्त आट्यांवर चालेल, तेही नाममात्र. कोरड्या पृष्ठभागांची पकडच चाकाला फिरवते, चावी ही केवळ मदतनीस आहे. ग्रीस लावले की हब हवे त्यापेक्षा पुढे चढते आणि ताण चावीवर येतो. नटाला किमान दीडशे फूट-पौंड, म्हणजे सुमारे २०३ न्यूटन-मीटर जोर हवा. टॉर्क पाना नसेल तर एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाशी एकवीस किलोचा भार टांगल्यावर जवळपास तेवढा जोर येतो. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढेच फिरवा, जुळवण्यासाठी मागे कधीही नाही. थोडे अंतर चालवल्यावर हब आणखी किंचित बसते, तेव्हा पिन काढून नट पुन्हा तपासा आणि नवी पिन घाला.

प्रश्न : आमच्या जीपचा मागचा शाफ्ट स्प्लाइनजवळ तुटला आहे. बाहेरचा भाग निघाला, पण बोटभर तुकडा आत डिफरन्शियलमध्ये राहिला. तसेच नवा शाफ्ट कुठल्या मापाचा घ्यावा? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : लोहचुंबक बांधलेली काठी नळीतून घालून पाहा, तुटलेला तुकडा पिळला गेला नसेल तर तो क्वचित सहज येतो. स्प्लाइन पिळल्या असतील तर तो साइड गिअरमध्ये आवळून बसतो आणि तेव्हा डिफरन्शियलचे मागचे झाकण उघडण्याला पर्याय नाही. तेल काढा, दुसऱ्या बाजूचाही शाफ्ट बाहेर घ्या, मग डिफरन्शियलमधल्या आडव्या पिनची कुलूप-पिन काढून ती आडवी पिन आणि मधला ठोकळा बाहेर काढा. आता समोरच्या बाजूने लांब पितळी सळई घालून तुकडा हलक्या ठोक्यांनी बाहेर ढकलता येतो. तुकडे मोजून घ्या आणि तुटलेल्या शाफ्टशी जुळवून पाहा. एखादी कपची आत राहिली तर ती क्राऊन-पिनियनच्या दातांत सापडेल, म्हणून झाकण लावण्यापूर्वी आतली तळवट रॉकेलने धुऊन चुंबकाने टिपून घ्या.

नव्या शाफ्टसाठी जुना शाफ्ट, दोन्ही तुकड्यांसह, बरोबर नेऊन दुकानात शेजारी शेजारी ठेवा. पुण्यातल्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला हे भाग शोधणारे अनेक जण भेटतील, पण मॉडेलचे नाव सांगून मागितलेला शाफ्ट बरोबर निघेलच असे नाही. या गाड्यांवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळे एक्सल बसले, आणि हरियाणातल्या डबवालीसारख्या ठिकाणी नव्याने उभ्या केलेल्या जीपमध्ये तर पुढचा भाग एका गाडीचा आणि मागचा दुसरीचा असे सर्रास आढळते. डावा आणि उजवा शाफ्ट सारख्या लांबीचे नसतात, कारण डिफरन्शियलचा गोळा मध्यावर नसून एका बाजूला सरकलेला असतो. स्प्लाइनचे दात मोजा, एकूण लांबी मोजा, बेअरिंग बसते त्या खांद्याचा व्यास व्हर्नियरने घ्या आणि शेवटी आपले जुने हब नव्या शाफ्टच्या निमुळत्या टोकावर नुसते हाताने चढवून पाहा. ते डुगडुगले तर तो शाफ्ट तेथेच परत करा.